काळी एक आणि चार मोकळ्या तारा

सुपारी द्यायला येणारी मंडळी हल्ली वादकांची यादी मागतात, आणि पैसे कमी करायची वेळ आली की त्यांचे बोट पहिल्यांदा आमच्यावर येऊन थांबते. गायक लागतातच. की-बोर्डवाला लागतो. ढोलकी आणि ऑक्टोपॅड यांच्यावाचून कार्यक्रम उभाच राहत नाही. मग उरतो बेस गिटारवाला. "ते की-बोर्डवर निघतं ना?" असा प्रश्न येतो, आणि तो अगदीच अडाणीपणाचा आहे असे म्हणण्याची आमची तयारी नाही. निघते. डाव्या हाताने निघते, पेन ड्राइव्हमधल्या ट्रॅकवरूनही निघते. जुना जालन्यातल्या गणेशोत्सवात आणि कुंडलिकेच्या दोन्ही तीरांवरच्या मंगल कार्यालयांत इतकी वर्षे हे वाद्य वाजवल्यावर त्या प्रश्नाचे खरे उत्तर देणे आम्हाला भाग आहे.

मराठीत संगीतावर पुष्कळ आणि उत्तम लिहिले गेले आहे. गोविंदराव टेंबे, केशवराव भोळे, वामनराव देशपांडे, अशोक रानडे यांनी गायकीची आणि आस्वादाची परिभाषाच घडवली. वाद्यांवरून वादही झाले. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली पेटीला दार बंद केले आणि ते पुढची तीस वर्षे बंदच राहिले. त्या निमित्ताने श्रुतींवर किती शाई खर्ची पडली! परंतु वाद्याचा सूर श्रोत्यापर्यंत ज्या तारेतून, ज्या डब्यातून, ज्या विजेवर पोचतो, त्याविषयी मात्र आपल्याकडे लिहीत नाहीत. ते कारागिराचे काम, लेखकाचे नव्हे, अशी समजूत असावी. बेस वाजवणाऱ्याला ही समजूत परवडत नाही.

आधी तारांविषयी. बेस गिटारच्या चार मोकळ्या तारा, जाडीकडून बारकाईकडे, आपल्या भाषेत सांगायच्या तर पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पाच. लिओ फेंडरने १९५१ साली अमेरिकेत पडदे असलेला विजेवरचा बेस बाजारात आणला, तेव्हा त्याच्यापुढे तिकडची गाणी होती, आणि गिटारवाल्यांची ती गाणी याच पट्ट्यांत सुखाने नांदतात. आमचा पुरुष गायक मात्र मंचावर येतो तो बहुधा काळी एक सांगत. आता काळी एकचे सात शुद्ध स्वर मांडून पाहावेत. त्यांत या चार तारांपैकी एकही मोकळी तार बसत नाही. एकही नाही! म्हणजे प्रत्येक स्वर दाबून काढायचा, हाताला क्षणाचीही उसंत नाही, आणि मोकळ्या तारेला जो भरीव, लांबणारा नाद असतो तो आमच्या वाट्याला येणारच नाही. आम्ही कित्येक वर्षे हे निमूटपणे सोसले. वाद्य असेच असते, अशी आमची श्रद्धा होती.

चारही खुंट्या अर्ध्या स्वराने उतरवून पाहाव्यात, ही बुद्धी फार उशिरा सुचली. उतरवल्या आणि थक्क झालो. काळी एकच्या हिशेबाने त्या चार तारा झाल्या रिषभ, पंचम, षड्ज आणि मध्यम. चारही घरातले. गायिकेने काळी चार सांगितली तरी षड्ज, मध्यम, पंचम मोकळे मिळतात आणि चौथ्या तारेवर कोमल निषाद. एका अर्ध्या स्वराने परकी वस्तू इकडची झाली. हा काही आमचा शोध नव्हे. अर्धा स्वर उतरवणारे वादक जगभर आहेत, त्यांची कारणे निराळी. परंतु आम्ही ते काळी एकसाठी केले, आणि त्या दिवसापासून गिटारच्या महागड्या नावांवरून आमचे मन उडाले.

आता त्या मूळ प्रश्नाकडे. बेस करतो काय? आपल्या कानाला खालचा सूर ओळखीचा आहे, पण तो स्थिर. तंबोऱ्याचा खर्ज हलत नाही. आषाढी एकादशीला जुना जालन्यात आनंदी स्वामींच्या यात्रेत वीणेकऱ्याच्या गळ्यातली वीणा ऐकावी. दिंडी पुढे सरकते, अभंग बदलतो, वीणेचा षड्ज आहे तिथेच असतो. चित्रपटगीताच्या वाद्यवृंदाने या सवयीला छेद दिला: खालचा सूर चालू लागला. गायकाने षड्ज धरून ठेवला आहे आणि खाली बेसनेही षड्जच दिला, तर ते घर. गायक तिथेच आहे, पण बेस खाली उतरून धैवतावर गेला, तर वरचा तोच षड्ज आता त्या धैवताचा कोमल गंधार होऊन कानावर येतो. गायकाने काही केलेले नाही. शब्द तोच, संदर्भ बदलला. साहित्याच्या विद्यार्थ्यांना याहून अधिक सांगण्याची गरज नसावी. की-बोर्डवाल्याचा डावा हात हे करू शकतो, आणि चांगल्या वादकाचा करतोही. पण उजव्या हातात सनई, बासरी आणि व्हायोलिनचा ताफा सांभाळणारा माणूस डाव्या हाताला विचार करायला किती फुरसत देणार? तो बहुधा षड्जावर बसून राहतो.

इथे एक कबुलीही द्यायला हवी. लावणीत ढोलकीचे डावे तोंड घुमत असताना आमची जाड तार त्याच्या पायात पाय घालते. तिथे आम्ही हात आवरतो. त्या दहा मिनिटांपुरते सुपारीवाल्यांचे म्हणणे रास्त आहे.

हे सारे ऐकू आले तर! आमच्या वाद्याची खरी शोकांतिका स्पीकरमध्ये आहे. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते, उतरवल्यावर ३९. मंडपात मिळणारे भोंगे आणि उभे कॉलम भाषणासाठी बनलेले. शंभर कंपनांच्या खाली ते जवळपास मुके. तरीही श्रोत्याला बेस थोडाफार 'ऐकू' येतो, याचे कारण माणसाचा कान. मूळ स्वर गायब असला तरी त्याच्या वरच्या स्वयंभू स्वरांवरून कान तो मनातल्या मनात उभा करतो. यातून एक व्यावहारिक धडा आम्ही शिकलो. डेट्रॉईटच्या मोटाउन कंपनीच्या ध्वनिमुद्रणांत ज्याचा बेस गाजला तो जेम्स जेमरसन तार तुटेपर्यंत बदलत नसे. जुन्या तारेचा गोल, मऊ आवाज त्याला हवा असे. त्याची गोष्ट वाचून आम्हीही वर्षभर तारा बदलल्या नाहीत आणि मंडपात पार नाहीसे झालो. जुनी तार वरचे स्वर गमावते, आणि आमचे स्पीकर नेमके तेवढेच वाजवतात! स्टुडिओतले शहाणपण मंडपात आणले की असे होते. तेव्हापासून दर लग्नसराईपूर्वी नव्या तारा. सळयांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या गावात बेसच्या चार तारा आम्हाला कधी सहज मिळाल्या नाहीत, हा विनोद आम्ही दरसाल नव्याने करतो. कुरिअर उशिरा आले तर जुन्या तारा पातेल्यात उकळून, पुसून, वाळवून पुन्हा चढवतो. दोन-तीन कार्यक्रम निघतात. ते पातेले पुन्हा स्वयंपाकघरात जात नाही, हे सांगायला नको.

दुसरा शत्रू अर्थिंग. जनरेटरवर किंवा खांबावरून ओढलेल्या लाइनवर अर्थिंग नसले की गिटारमधून घुमारा येतो. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची. घुमारा पन्नास आणि शंभरवर ऐकू येतो. पांढरी पाच सेकंदाला अठ्ठ्याण्णव कंपने करते. म्हणजे महावितरणचा स्वर पांढरी पाचच्या जरासा वर, बेसूर. शांत गझलेत त्या दोघांची जी धडपड चालते ती ऐकवत नाही. त्यावर थोडाफार उपाय म्हणजे एक छोटा डीआय बॉक्स. घुमारा यंत्रांच्या आपसातल्या अर्थच्या जोडणीतून येत असेल, तर त्यावरचे अर्थ तोडण्याचे बटण दाबले की तो बव्हंशी जातो. किमतीने तो गिटारच्या तुलनेत काहीच नाही. आमच्या ओळखीच्या तरुण वादकांकडे दोन-दोन गिटारी आहेत, हा डबा एकाकडेही नाही.

यंत्राने माणूस घालवला, ही तक्रार आम्ही करणार नाही, कारण इतिहास गुंतागुंतीचा आहे. रोलंड कंपनीने १९८०च्या दशकाच्या आरंभी टीबी-३०३ नावाची छोटी पेटी काढली ती बेसवाल्याची जागा घेण्यासाठीच. ती त्या कामात सपशेल फसली. १९८४ पर्यंत तिचे उत्पादन बंद झाले. पण मुंबईत चरणजीत सिंग यांनी ती हाती घेतली. ते स्वतः चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार आणि बेस वाजवणारे. १९८२ साली त्यांनी तिच्यावर दहा राग वाजवले. स्वर घसरवण्याची तिची सोय म्हणजे त्यांच्या हातात मींड झाली. ती तबकडी तेव्हा फारशी कोणी विचारली नाही; २०१० साली पुन्हा निघाली तेव्हा परदेशातल्या जाणकारांनी 'ॲसिड हाउस' या प्रकाराची ती पूर्वखूण मानली. ज्याची जागा यंत्र घेणार होते त्यानेच ते यंत्र कामाला लावले.

आज डीजेच्या अठरा-अठरा इंची जोडस्पीकरांनी बेस हा शब्दच आमच्याकडून नेला आहे. बेस म्हणजे छातीत बसणारा धक्का, असा त्याचा अर्थ झाला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा पंचावन्न डेसिबलची मर्यादा आहे. पण मोजणीची पद्धत माणसाच्या कानाला अनुसरून असल्याने खालच्या सुराचे वजन तीत फारच कमी धरले जाते. भिंती हलतात, काटा हलत नाही. असो. धक्का आणि सूर यांतला फरक हा आमच्या मते अभिरुचीचा प्रश्न आहे, आणि तो नियमांनी सुटणारा नाही.

गेल्या वर्षी साठवलेल्या पैशांत आम्ही नवी गिटार घ्यायची टाळली आणि पंधरा इंची स्पीकरचे एक कॅबिनेट घेतले. आता धैवतावर उतरलो की पहिल्या दहा रांगांना ते कळते. एका सुपारीवाल्याने कार्यक्रमानंतर "आज गाणं भरल्यासारखं वाटलं" असे म्हटले, का ते त्याला सांगता आले नाही. अडचण एकच. ऐन कार्यक्रमात गायकाचा घसा बसतो आणि तो काळी एक सोडून पांढरी एक मागतो. की-बोर्डवाला बटण दाबून मोकळा होतो. आम्ही दिव्यांच्या झोतात, घामाघूम होऊन, चारही खुंट्या पिळत उभे, आणि निवेदक एक विनोद जास्त सांगतो. दुसरी गिटार त्या सुरात लावून जवळ ठेवावी हे खरे, पण रिक्षात आता तिला जागा नाही. ती कॅबिनेटने घेतली आहे.