नोकरी टिकवताना, नोकरी शोधताना

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि साच्यावर, म्हणजे मागावर, उमेदीची वर्षे घालवलेल्या अनेकांच्या कौशल्याला बाहेर गिऱ्हाईक उरले नाही. एकाच कामावर विसंबण्याचा धोका गिरणगावाने असा भोगला.

आता करारावरची नोकरी आणि अचानक होणारी कपात कार्यालयांतही आली आहे. म्हणून तयारी नोकरी असतानाच करावी लागते. केलेल्या कामाची नोंद, नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या आणि अनुभवाचा दाखला घरी जपून ठेवणे ही पहिली पायरी. दुसरी पायरी ओळखींची. जुने सहकारी रिकाम्या जागेची खबर अनेकदा जाहिरातीआधी देतात. तिसरी पायरी नव्या कौशल्याची. ते शेजारच्या कामाला लागू पडणारे असले, तर उडी लहान पडते.

पैशांचा हिशेबही यातच येतो. नोकरी बदलताना भविष्य निर्वाह निधी काढून न घेता नव्या खात्यात वर्ग करणे हिताचे असते, कारण कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत मासिक निवृत्तिवेतनासाठी किमान १० वर्षांची सेवा लागते. काही महिन्यांचा घरखर्च गाठीशी असेल, तर मिळेल ती नोकरी पत्करण्याची वेळ येत नाही.

नोकरीची हमी मालक देईलच असे नाही. तयारी मात्र ज्याची त्यानेच करायची असते.