गंगारामच्या चहाला गिऱ्हाईक

खांडबाऱ्याहून एका पोराचं पत्र आलंय. उद्योजकतेचं शिबिर केलं, सर्टिफिकेट मिळालं, स्टेशनजवळ चहाचं दुकान टाकू का?

टाक, दोस्ता. पण शिबिरात न सांगितलेलं ऐक. १९२० च्या आसपास कोल्हापुरात गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेत नोकर होता. सवर्णांच्या हौदाला शिवला म्हणून त्याला फोडून काढला. शाहू महाराजांनी त्याला धंद्याला लावला. त्याने 'सत्यसुधारक' हॉटेल काढलं. पण महाराचा चहा पिणार कोण? शेवटी महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायचे, सोबतच्या बड्यांनाही पाजायचे. तेव्हा कुठं बाटण्याची भीती मोडायला लागली.

म्हणजे कमी पडत होतं ते कौशल्य नाही, गिऱ्हाईक. कोलंबियात शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर्सचा सल्ला देणारी पेढी काढली. जात कळली, पेढी बसली. हे कुठल्या मॅनेजमेंटच्या पुस्तकात आहे?

तरीही हिशेब शिकच. गल्ला वेगळा, घरखर्च वेगळा. उधारी वहीत, डोक्यात नाही. बाजाराच्या दिवशी दूध जास्त घे, एरवी बेतानं. गोदीत आम्ही रोज बघतो, पडून राहिलेला माल मालकालाच खातो. मुद्रा योजनेत ५०,००० पर्यंतच्या शिशु कर्जाला तारण लागत नाही. बँकेचा साहेब तारण मागेल, तर म्हणावं, लिहून द्या.

आणि मुंबईतल्या पोरांनो, त्या लाइनीनं गेलात तर खांडबाऱ्याला उतरा. चहा प्या, पैसे रोख द्या. जयभीम म्हणून उधारी मागू नका.