वेताळाचा प्रश्न

अद्भुत गोष्टींनी मुले भित्री व भोळसट बनतात, अशी तक्रार सुशिक्षित पालक वारंवार करतात. राक्षस आणि पऱ्या यांच्याऐवजी ‘उपयुक्त’ माहितीची पुस्तके द्यावीत, असा त्यांचा आग्रह असतो. हेतू चांगला, परंतु यात मुलाला ओळखण्यात गफलत होते, असे आम्हांस वाटते.

भैंशाचेच उदाहरण घ्या. हे गाव १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्याच्या मुधोळ तालुक्यात होते. राज्यपुनर्रचनेत ते आदिलाबादला जोडले गेले. आज ते तेलंगणाच्या निर्मल जिल्ह्यात आहे. सरहद्द हलली, गोष्टी मात्र जागच्या जागी राहिल्या. मद्रासेस १९४७ साली तेलुगू व तमिळमध्ये निघालेला ‘चंदामामा’ १९५२ पासून ‘चांदोबा’ या नावाने मराठीतही येऊ लागला. तेलुगू घरातला वेताळ तोच, मराठी घरातलाही तोच. चित्रकार शंकर यांनी काढलेला, खांद्यावर प्रेत व हाती तलवार घेतलेला राजा दोन्हींकडे सारखाच ओळखीचा झाला.

त्या राजात मुलांना काय आवडते? केवळ भीती नव्हे. आजीच्या कुशीत सुरक्षित बसून भ्यायला मिळते, हा एक आनंद. दुसरा, आणि आमच्या मते मोठा, नियमांचा. अद्भुताच्या राज्यात मनमानी नसते. राजा बोलला तर वेताळ झाडावर परत जाणार. उत्तर माहीत असून गप्प राहिला तर डोक्याची शकले होणार. घरात व शाळेत मोठ्यांचे नियम क्षणोक्षणी बदलताना पाहणाऱ्या मुलाला असा चोख कायदा फार भावतो. शिवाय प्रत्येक गोष्टीच्या अखेरीस वेताळ विचारतो तो न्यायाचा प्रश्न असतो : यांत श्रेष्ठ कोण, दोष कोणाचा? राजाच्या आधी मूल उत्तर देऊन मोकळे होते. याला भोळसटपणा कसे म्हणावे? ‘चंदामामा’च्या संपादनाची धुरा दीर्घकाळ वाहणारे कोडवटिगंटि कुटुंबराव स्वतः विवेकवादी होते, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

या गोष्टी परक्याही नाहीत. सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागरा’त वेताळाच्या पंचवीस कथा गुंफल्या. ज्या ‘बृहत्कथे’च्या आधारे त्याने हा ग्रंथ रचला, तिचा कर्ता गुणाढ्य याला परंपरा पैठणच्या सातवाहन दरबाराशी जोडते. पैठणची गोदावरीच नांदेडवरून भैंशाजवळच्या बासरला येते. तेथे सरस्वतीपुढे मुलांना पहिले अक्षर गिरवायला लावतात.

‘चांदोबा’ आज निघत नाही. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि शाळेत इंग्रजी अशा ओढाताणीत वाढणाऱ्या मुलाला मराठी गोष्ट आता घरच्यांच्याच तोंडून मिळायची. अक्षर गिरवून घेणे ही अर्धी जबाबदारी झाली. उरलेली अर्धी रात्री, दिवा मालवण्यापूर्वी पार पाडावी. गोष्ट सांगावी, वेताळाच्या प्रश्नापाशी थांबावे आणि उत्तर मुलाला देऊ द्यावे.