लंगडी हा तिचा खेळ नाही

आमच्या सोसायटीच्या बागेत संध्याकाळी पाच-सहा छोटी कुत्री येतात. त्यांतलं एखादं पळता पळता मागचा पाय पोटाशी घेतं, तीन पायांवर चार उड्या मारतं, पाय मागे झटकतं आणि परत धावू लागतं. बाकावरून कुणीतरी म्हणतं, ‘बघा, लंगडी घालतोय!’ सगळे हसतात. त्या हसण्याशी माझं भांडण आहे. आमच्या स्पिट्झने पाय उचलला तेव्हा तब्बल आठ महिने मीही हसत होते, आणि ते आठ महिने मला अजून बोचतात.

त्या उडीचं कारण गुडघ्यात असतं. मांडीच्या हाडाच्या टोकाला एक खोबण असते, तीत गुडघ्याची वाटी वरखाली सरकते. पॉमेरेनियन, चिवावा, यॉर्कशायर टेरियर, टॉय पूडल अशा जातींत ही खोबण पुष्कळदा उथळ असते आणि मांडीचा स्नायू वाटीला तिरपा ओढतो. मग वाटी बहुधा आतल्या बाजूला निसटते. निसटली की गुडघा सरळ होत नाही, म्हणून पाय वर जातो. पाय मागे ताणला की वाटी जागेवर बसते, म्हणून पाय खाली येतो. लोकांना वाटतं, दुखणं आलं नि गेलं. प्रत्यक्षात दर खेपेला वाटी खोबणीच्या कडेवर घासते, कूर्चा झिजते, आणि पुढे गुडघ्यातला अस्थिबंध तुटायची भीती वाढते.

‘दुखत असतं तर ओरडला नसता का?’ हा सगळ्यांचा हुकमी प्रश्न. शेपटीवर पाय पडला की कुत्रं किंचाळतं, हे खरं. पण रोजच्या दुखण्याला ते क्वचितच आवाज देतं. ते सोफ्यावर चढणं सोडतं, जिन्यापाशी थांबून राहतं, गुडघा चाटत बसतं, उचलायला गेलं की गुरगुरतं. आपण म्हणतो, ‘हल्ली चिडका झालाय.’ दोन्ही मांड्या एकाच वेळी हातांनी चाचपून पाहा. ज्या पायावर भार कमी पडतो, त्याची मांडी बारीक लागते. आमच्या कुत्रीची तशी लागली, तेव्हा कुठे मी तिला डॉक्टरांकडे नेलं.

दुसरं म्हणणं असं, की छोट्या जातींत हे चालायचंच. चालतं, पण किती चालतं याला मोजमाप आहे. डॉक्टर वाटीच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत वाटी बोटाने सरकवता येते आणि सोडली की आपोआप परत बसते. दुसरीत ती स्वतःहून निसटते आणि परतही येते. तिसरीत बहुतेक वेळ बाहेरच राहते, हाताने बसवावी लागते. चौथीत ती बसवताच येत नाही. पहिल्या पायरीवरच्या कुत्र्याला शस्त्रक्रिया बहुधा लागत नाही, हे मी मोकळेपणाने मान्य करते. पण पायरी पहिली आहे हे बाकावर बसून कळत नाही. त्यासाठी गुडघ्याला जाणत्याचा हात लागावा लागतो.

शिवाय प्रत्येक लंगडणं वाटीचंच नसतं. बोटांच्या बेचक्यात कुसळ रुतलेलं असतं, वाढलेलं नख मांसात शिरलेलं असतं. गोचिडाच्या तापातही सांधे धरतात. चार ते अकरा महिन्यांचं पिल्लू दिवसेंदिवस जास्त लंगडत असेल, तर खुब्यातल्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो कुजत असण्याची शक्यता असते. तिथे तो गोळा काढून टाकतात. अंग हलकं असल्याने ही कुत्री त्यानंतरही चांगली चालतात.

आता घरच्या औषधपेटीबद्दल. आपली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकची अर्धी गोळी चार किलोच्या जिवाला देणं म्हणजे त्याच्या जठराशी आणि मूत्रपिंडाशी खेळणं आहे. कुत्र्यांसाठीची वेदनाशामकं वेगळी असतात आणि वजन करूनच दिली जातात. कॅल्शियमच्या बाटलीने उथळ खोबण खोल होत नाही.

मग करावं काय? मोबाइलवर चालण्याचं चित्रण करून न्यावं, कारण दवाखान्यात घाबरलेलं कुत्रं नेमकं सरळ चालतं. वजन उतरवावं: चार किलोच्या कुत्रीवर एक किलो चढणं म्हणजे साठ किलोच्या माणसावर पंधरा किलो. गुळगुळीत फरशीवर सतरंजी पसरावी, पंज्याखालचे केस कापावेत. वरच्या पायऱ्यांवर शस्त्रक्रिया सुचवली, तर दचकून पळू नये. तीत खोबण खोल करतात आणि नडगीचा उंचवटा सरकवून स्नायूची ओढ सरळ करतात. आमच्या कुत्रीची झाली. दोन महिने तिला जिना बंद होता.

माझा सगळ्यात जास्त राग मात्र पिल्लं विकणाऱ्यांवर आहे. हा दोष बहुतांशी वंशातून येतो, तरीही लंगडणाऱ्या मादीला वेत घ्यायला लावतात आणि पिल्लू ‘अस्सल टॉय, मुठीत मावेल’ म्हणून खपवतात. घेणारा रंग विचारतो, कागद विचारतो. त्याने आधी आईबापांना अंगणात चालवून दाखवायला सांगावं, त्यांचे गुडघे कुणी तपासलेत का ते विचारावं, आणि उत्तर टाळलं गेलं तर रिकाम्या हाताने घरी यावं.