गाऱ्हाणे कुणापाशी आणि कसे?

मोबाईलवर गेम खेळणारा पोरगा एकाएकी ओरडतो, फोन गादीवर आपटतो आणि गेम बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. हे दृश्य आज कोणत्या वस्तीत दिसत नाही? आई चुलीपाशून विचारते, "काय झालं रे?" उत्तर येते, "काही नाही. नवीन अपडेट आलंय. सगळी वाट लावली यांनी." आई म्हणते, "मग खेळूच नकोस." आणि बोलणे तिथेच संपते.

आमचे म्हणणे असे की, बोलणे तिथूनच सुरू व्हायला हवे. "यांनी" म्हणजे नेमके कोणी? निर्णय कोणी घेतला, राबला कोण आणि शिव्या कोणाला पडल्या? हे तीन प्रश्न गिरणीत, कारखान्यात, नगरपालिकेत, रेशनच्या रांगेत आपण आयुष्यभर विचारत आलो. मग पोरांच्या खेळात ते का विचारू नयेत?

वाचकहो, आधी हा खेळ काय आहे ते समजून घेऊ. ऑनलाइन गेम म्हणजे कॅरमचा बोर्ड नव्हे. बोर्ड एकदा विकत घेतला की तो आपला. दुकानदार रात्री घरात शिरून त्याची भोके लहान करून जात नाही. ऑनलाइन गेम मात्र कंपनीच्या संगणकावर चालतो. नियम बदलणे, एखादे हत्यार बोथट करणे, वस्तूंचे भाव वाढवणे, इतकेच काय, गेम कायमचा बंद करणेही कंपनीच्या हाती असते. खेळाडूची अवस्था भाडेकरूसारखी असते. तो वर्षानुवर्षे राहतो, भिंती रंगवतो, शेजार जोडतो, पण भिंत ठेवायची की पाडायची हे मालक ठरवतो. म्हणून खेळाडूच्या गाऱ्हाण्याला पोरखेळ म्हणून झटकून टाकणे आम्हाला मान्य नाही. त्याचा वेळ त्यात गेलेला असतो, पैसा गेलेला असतो, मित्र तिथे भेटलेले असतात.

आता एका खऱ्या घटनेकडे वळू. उत्तरेकडे आइसलंड नावाचा, चार लाखांहून कमी वस्तीचा देश आहे. त्याची राजधानी रेक्याविक. तिथे १९९७ साली सीसीपी नावाची कंपनी निघाली आणि २००३ साली तिने 'ईव्ह ऑनलाइन' हा गेम आणला. अवकाशात जहाजे चालवायची, खाणी खणायच्या, व्यापार करायचा, टोळ्या बांधून लढाया करायच्या, असा हा खेळ. हजारो माणसे एकाच विश्वात खेळतात आणि एकाचे जहाज बुडाले की ते खरेच गेले, परत मिळत नाही. खेळाडू त्यासाठी दरमहा वर्गणी भरत. जगभरची प्रौढ, नोकरीधंद्याची माणसे त्यात रमली.

२००७ साली उघडकीस आले की कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने आपल्या ओळखीच्या टोळीला मौल्यवान वस्तू गुपचूप दिल्या होत्या. पंचानेच एका संघाच्या खिशात चिठ्ठी सारावी तसा हा प्रकार. खेळाडू खवळले. "आमचा घाम आणि त्यांचा वशिला?" हा प्रश्न आपल्या वाचकांना काही नवा नाही.

कंपनीने यावर काय केले? नुसती गोड भाषा वापरून भागवले नाही. एक, आपल्याच माणसांवर लक्ष ठेवणारा विभाग उभा केला. दोन, २००८ साली खेळाडूंमधून निवडून आलेले प्रतिनिधी मंडळ स्थापन केले. पहिल्या मंडळात ९ जण होते. खेळाडूंनी मते देऊन त्यांना निवडले. त्यांना पगार नाही, मात्र कंपनीच्या खर्चाने त्यांना रेक्याविकला बोलावले जाते, गेम बनवणाऱ्यांशी समोरासमोर बसवले जाते आणि बैठकीचे इतिवृत्त सर्व खेळाडूंसाठी छापले जाते. पुढे २०१३ साली या निवडणुकीला पसंतीक्रमाची मतपद्धतही आली. लहान गटाचेही मत वाया जाऊ नये, हा तिचा गुण.

या मंडळाला कंपनीचा निर्णय फिरवण्याचा अधिकार नाही, हेही सांगितले पाहिजे. ते सल्ला देते, जाब विचारते, इशारा देते. पण गाऱ्हाणे घेऊन कुठे जायचे, हे खेळाडूला ठाऊक झाले. ज्याच्याकडे सत्ता आहे त्याने ऐकण्याची जागा नेमून द्यावी, वेळ नेमून द्यावी आणि काय ऐकले ते लिहून जाहीर करावे. आदराने बोलण्याची खरी सुरुवात आमच्या मते येथे होते. "प्रिय ग्राहक" म्हणून पाठवलेला संदेश म्हणजे आदर नव्हे.

मात्र मंडळ नेमले म्हणजे ऐकण्याची सवय लागली, असे होत नाही. २०११ सालच्या जून महिन्यात त्याच कंपनीने गेमात एक नवे दुकान काढले. तिथे पात्राच्या अंगावर चढवायच्या शोभेच्या वस्तू होत्या. त्यातल्या एका डोळ्याच्या चष्म्याची किंमत ६० डॉलरच्या वर होती, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ३ हजार रुपये! नाकावर खरा चष्मा यापेक्षा स्वस्तात बसतो. त्याच दिवसांत कंपनीचे अंतर्गत पत्रक बाहेर फुटले. शोभेच्या वस्तूच नव्हे, तर लढाईत उपयोगी पडणाऱ्या वस्तूही पैशाला विकाव्यात काय, अशी चर्चा त्यात होती. मग कंपनीचे प्रमुख हिल्मार पेतुर्सन यांचे कर्मचाऱ्यांना लिहिलेले पत्रही फुटले. खेळाडू काय म्हणतात यापेक्षा ते काय करतात ते पाहा, असा त्याचा रोख होता. म्हणजे आरडाओरडा करतील, पण शेवटी पैसे भरतीलच!

चष्म्याच्या किमतीपेक्षा हे वाक्य जास्त झोंबले. भाव महाग असणे माणूस एक वेळ सोसतो, पण आपले बोलणे हिशेबातच नाही, हे त्याला सोसत नाही.

खेळाडूंनी मग गेमातच मोर्चा काढला. 'जिता' हे त्या विश्वातले सर्वात गजबजलेले बाजारपेठेचे ठिकाण. शेकडो जहाजे तिथे जमली आणि एका पुतळ्यावर गोळ्या झाडू लागली. तो पुतळा फुटणारा नव्हता, हे सर्वांना ठाऊक होते. कोणाच्याही घरादाराला धक्का न लावता केलेला तो निषेध होता. अनेकांनी आपली वर्गणीही बंद केली.

कंपनीने ३० जून आणि १ जुलै २०११ रोजी प्रतिनिधी मंडळाला तातडीने रेक्याविकला बोलावले. दोन दिवस बैठक झाली. लढाईत फायदा देणाऱ्या वस्तू पैशाला विकण्याचा बेत नाही, असे नंतर जाहीर झाले. ऑक्टोबरमध्ये पेतुर्सन यांनी खेळाडूंना उघड पत्र लिहून आपले चुकले हे मान्य केले. नोव्हेंबरमध्ये जी सुधारणा आली, तिच्यात वर्षानुवर्षे रखडलेली लहानसहान गाऱ्हाणी दूर करण्यावर भर होता.

पण वाचकहो, या यशाच्या गोष्टीला एक कडू बाजूही आहे. ती आम्ही लपवणार नाही. त्याच ऑक्टोबर २०११ मध्ये कंपनीने सुमारे २० टक्के कर्मचाऱ्यांना कामावरून कमी केले. एकाच वेळी फार कामे अंगावर घेतल्याचे कारण दिले गेले. धोरण वरच्यांनी ठरवले आणि नोकऱ्या खालच्यांच्या गेल्या. गिरण्यांच्या भोंग्याखाली वाढलेल्या घरांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

दुसरी कडू गोष्ट मार्च २०१२ ची आहे. रेक्याविकमध्ये खेळाडूंचा मेळावा भरला होता. त्याच प्रतिनिधी मंडळाच्या अध्यक्षाने भर व्यासपीठावरून जिवाला कंटाळलेल्या एका खेळाडूची टवाळी केली आणि इतरांनी त्याला आणखी छळावे असे सुचवले. ओरड झाल्यावर त्याने माफी मागितली आणि अध्यक्षपद सोडले. कंपनीने त्याला ३० दिवस गेमबाहेर ठेवले आणि मंडळावरूनही दूर केले. योग्यच झाले. मालकाकडून सन्मान मागणाऱ्याने आपल्यातल्या दुबळ्याचा सन्मान राखला नाही, तर त्याच्या मागणीत दम राहत नाही. निवडून आलेल्यालाही ही शिस्त चुकत नाही.

आता दुसरी घटना पाहू. अमेरिकेतील बंजी ही कंपनी 'डेस्टिनी २' हा ऑनलाइन गेम चालवते. खेळाडूंशी बोलणे हेच ज्यांचे काम, असे कर्मचारी तिथे असतात. २०२२ साली कंपनीने एका कृष्णवर्णीय खेळाडूने काढलेल्या कलेला प्रसिद्धी दिली. एका माणसाला हे सहन झाले नाही. त्याने कंपनीच्या अशाच एका कर्मचाऱ्याला वंशद्वेषाने भरलेले फोन संदेश पाठवले, त्याच्या बायकोलाही त्रास दिला आणि त्यांचे घर आपल्याला ठाऊक आहे हे दाखवण्यासाठी त्यांच्या दारी पिझ्झा पाठवला. जेवणाचे पार्सल, पण त्यात धमकी! कंपनी आपल्या माणसाच्या पाठीशी उभी राहिली आणि कोर्टात गेली. जुलै २०२३ मध्ये वॉशिंग्टन राज्याच्या न्यायालयाने त्या माणसाला सुमारे ४ लाख ८९ हजार डॉलर भरण्याचा आदेश दिला.

एखाद्याची कला त्याच्या रंगामुळे वा जन्मामुळे डोळ्यात खुपते, हे दुखणे काय असते ते आपल्या घरांना सांगावे लागत नाही. म्हणून आम्ही स्पष्ट म्हणतो की याला गाऱ्हाणे म्हणू नये. गाऱ्हाणे निर्णयाविरुद्ध असते. हे माणसाविरुद्ध होते.

आणि त्याचा तोटा कोणाला झाला? सर्वांना! ऑगस्ट २०२२ मध्ये त्या कंपनीच्या लोकांनी उघड सांगितले की, धमक्या आणि छळ यांमुळे त्यांचे खेळाडूंशी बोलणे कमी झाले आहे. शंभर जण सरळ प्रश्न विचारत असतात, दोन जण धमकी देतात आणि खिडकी शंभरांसाठी बंद होते. शिवी देणाऱ्याला वाटते आपण मालकाला झोडपले. प्रत्यक्षात मालकापर्यंत आवाज पोचतच नाही. मार बसतो तो खिडकीत बसलेल्या पगारी माणसाला.

हा खिडकीतला माणूस दूरदेशीचाच असतो असेही नाही. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ साली पुण्यात आणि २०१८ साली मुंबईत काम सुरू केले. सप्टेंबर २०२० मध्ये तिने 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या एका जुन्या गेमची नवी आवृत्ती जाहीर केली. तो ऑनलाइन गेम नव्हता, पण काम पुणे आणि मुंबई येथील मुलामुलींचे होते. पहिली दृश्ये पाहून जगभरच्या खेळाडूंनी नाके मुरडली आणि चित्रे जुनाट दिसतात म्हणून टर उडवली. तारखा पुढे ढकलल्या गेल्या आणि मे २०२२ मध्ये ते काम कॅनडातील मॉन्ट्रियलच्या शाखेकडे गेले. टीका करण्याचा हक्क खेळाडूंना होता, कारण पैसे त्यांचे जाणार होते. पण टीका करताना समोर एक राबणारा माणूस आहे, कदाचित हडपसरहून किंवा कल्याणहून लोकल-बस गाठत कामावर पोचणारा, हे विसरून चालणार नाही. उद्या आपल्याच वस्तीतली मुलगी त्या खुर्चीवर बसेल, आणि बसावी, अशी आमची इच्छा आहे.

तर मग पालकहो, गेमवर चिडलेल्या पोराला काय सांगावे? "गप्प बस" असे सांगू नये. गप्प बसायला शिकवणे म्हणजे उद्या मुकादमापुढेही गप्प बसायला शिकवणे. त्याला गाऱ्हाणे मांडायला शिकवावे. रेशन दुकानाची तक्रार आपण जशी लिहितो तशीच लिहावी. काय बिघडले? कोणत्या दिवशी? त्याने नुकसान काय झाले? काय केले म्हणजे समाधान होईल? पैसे कापले गेले असतील तर पावती जपून ठेवावी. एकट्याचे म्हणणे ऐकले जात नसेल तर त्याच गेमातल्या दहा जणांनी मिळून एकच निवेदन द्यावे. तरीही ऐकले नाही तर पैसे भरणे थांबवावे, खेळणे थांबवावे. हा सभ्य मार्ग आहे आणि तो लागूही पडतो, हे जिताच्या त्या जहाजांनी दाखवले. मात्र निवेदनात आई-बहीण नको, जात-धर्म नको, कोणाच्या घराचा पत्ता नको.

आणि कंपन्यांनाही आमचे सांगणे आहे. नियम बदलण्याआधी सांगा, का बदलता ते सांगा. जमणार नसेल तर "नाही" म्हणा, पण कारणासह म्हणा. चुकले तर वरच्याने पुढे येऊन मान्य करा, खिडकीतल्या पोराला पुढे ढकलू नका. पोरांच्या खिशातले दहा-वीस रुपयेही कोणाच्या तरी मजुरीतून आलेले असतात.

खालच्या मानेने बोलणे म्हणजे आदर, असे आपल्याला फार काळ शिकवले गेले. तो आदर नव्हता, ते भय होते. ताठ मानेने, नेमक्या शब्दांत, योग्य माणसापुढे, समोरच्याचे माणूसपण राखून आपले म्हणणे मांडणे हा खरा आदर. तो आपल्या मुलांना मोबाईलवरच्या खेळात शिकता आला, तर शिकू द्या. कामाच्या ठिकाणी, कचेरीत आणि सभेत तोच त्यांच्या कामी येईल.