‘आश्रमात टाका’ म्हणण्याआधी



दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की आमच्या सिंदखेडराजा, लोणार, मेहकर भागात हजेरी घेताना दरवर्षी तेच होतं. नाव घ्यायचं, उत्तर येत नाही, आणि मागून कुणीतरी सांगतं, "सर, तो गेला कोयत्यावर." आईबाप ऊसतोडीला आणि पोरगं त्यांच्या मागं. जी पोरं गावात राहतात ती आजीजवळ, मामाकडं, नाहीतर थोरल्या चुलत्याच्या घरी. कायद्याच्या पुस्तकात ज्याला ‘फॉस्टर केअर’ म्हणतात ते आमच्याकडं पिढ्यानपिढ्या चालू आहे, फक्त त्याला नाव नाही आणि त्याच्यासाठी पैसा नाही. आज मला लिहायचंय ते या पैशाबद्दल, आणि माझ्या एका चुकीबद्दल.

तीन वर्षांपूर्वी दुसरीत एक मुलगा होता. कर्जापायी बापानं जीव दिला. 2006 साली केंद्र सरकारनं शेतकरी आत्महत्यांसाठी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज दिलं त्यात आपला बुलढाणा होता, त्यामुळं अशा घरांबद्दल इथल्या शिक्षकाला वेगळं सांगायला नको. सहा महिन्यांत आईचं माहेरच्यांनी दुसरीकडं लावून दिलं. पोरगं राहिलं आजीजवळ. शाळेच्या ओट्यावर चर्चा सुरू झाली, "सर, एखाद्या आश्रमात टाका त्याला. दोन टाइम जेवण, शिक्षण, सगळं फुकट." मलाही ते पटलं. ओळखीतून लांबच्या एका शहरातली संस्था शोधली. आजीचा अंगठा घ्यायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "गुरुजी, थो माह्या हातची भाकर खाते. तिकडी कोन देईन त्याले?" मी तिला समजावलं. तेव्हा वाटलं होतं, केवढं चांगलं काम करतोय आपण!

संस्था वाईट नव्हती, हे मुद्दाम सांगतो. जागा स्वच्छ होती, माणसं सज्जन होती. पण मुलं ऐंशीच्या वर आणि सांभाळणारे तिघं-चौघं. दिवाळीला घरी आला तर पोरगं बोलेना. रात्री अंथरूण ओलं करायचं. आजीला त्याच्या उशीखाली भाकरीचे तुकडे सापडले. परत जायच्या दिवशी तो दुपारपर्यंत कुणाला दिसलाच नाही, कडब्याच्या गंजीमागं बसून होता. आजीनं त्याला पाठवलं नाही, आणि मीही पुन्हा समजवायला गेलो नाही.

गंमत बघा (गंमत कसली म्हणा!), ‘बालसंगोपन योजना’ हा शब्द मला अंगणवाडीच्या ताईंनी सांगितला. नोकरीला पंधरा वर्षं झालेली, आणि माझ्याच वर्गातल्या मुलासाठी असलेली योजना मला माहीत नव्हती. बाल न्याय कायदा 2015 नुसार काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला बालकल्याण समितीपुढं न्यावं लागतं, त्यानं कुठं राहायचं ते समिती ठरवते, नोंदणी नसलेल्या संस्थेत मूल ठेवता येत नाही, हेही नंतर वाचलं. मी तर थेट एसटीत बसवून दिलं होतं.

योजनेचं आजचं नाव क्रांतीज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. आईबाप दोघं नसलेली, एकच पालक असलेली, किंवा पालक गंभीर आजारी, तुरुंगात, वेगळे झालेले अशी 18 वर्षांखालची मुलं तिच्यात बसतात. महिन्याला आधी 1100 रुपये मिळायचे, 2023 पासून 2250. याशिवाय केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्वाचे महिन्याला 4000 रुपये आहेत, त्याचे निकष वेगळे. अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडं, गृहभेट होते, बालकल्याण समिती आदेश देते. अर्जाला पैसा लागत नाही. एजंट कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

कुणी म्हणेल, 2250 रुपयांत काय होतं? शहरात काही होत नसेल. पण आमच्या त्या आजीनं रोजानं निंदायला जाणं निम्मं केलं. संध्याकाळी ती घरी असते. पोराला जे हवं होतं ते एवढंच होतं. वहीपेन, चप्पल, दवाखाना यातून भागतं, पैसे उशिरा आले की किराणा उधारीवर चालतो.

आता दुसरी बाजू. नातेवाईक म्हणजे सगळे देवमाणूस असं मी म्हणत नाही. मामाकडं राहणारी पोरगी सहावीत असताना भांडी-धुणी, शेण-गोठा करून दहा वाजता झोपत येते, आणि आठवीनंतर ‘स्थळ आलंय’ म्हणून शाळा सुटते. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. जिथं मारहाण आहे, दारू आहे, पोरीला धोका आहे, तिथं 1098 ला फोन करायचा, तिथं नातं बघायचं नाही. अशा मुलांना घराबाहेरचं घर लागतंच.

पण ते घर केवढं असावं? माझा वाद आहे तो इथं. समूह पालकत्वाच्या, म्हणजे ग्रुप फॉस्टर केअरच्या, नियमात एका घरात जास्तीत जास्त आठ मुलं अशी मर्यादा आहे. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर शेकडो मुलं एकदम उघडी पडली. भारतीय जैन संघटनेनं सुमारे 1200 मुलं पुण्याजवळ वाघोलीला नेऊन शिकवली. त्या वेळी ते गरजेचंच होतं. त्याच भागात नळदुर्गला पन्नालाल सुराणांच्या पुढाकारानं ‘आपलं घर’ उभं राहिलं. लातूरला एसओएस बालग्राम झालं. तिथली पद्धत अशी की एका घरात एक आई आणि थोडी मुलं, भावंडं एकत्र, चूल त्या घराची. भूकंप झाला तर मोठी इमारत लागते हे समजू शकतो. आमच्या गावात भूकंप झालेला नाही. एका गावात एक-दोन मुलं असतात. त्यांच्यासाठी शंभर-दोनशे किलोमीटरवरचा हॉल कशाला?

गाव हे करू शकतं याचा पुरावा आपल्याच शाळांत आहे. ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहं. दिवाळीपासून पाडव्यापर्यंत मूल गावातच राहतं, सकाळ-संध्याकाळचं जेवण वसतिगृहाचं, दुपारचा शालेय पोषण आहार, आणि बऱ्याच ठिकाणी झोपायला आजीचं घर. स्वयंपाक गावातल्याच बाया करतात. अनुदान उशिरा येतं, डाळ पातळ होते, मान्य. तरी शाळा सुटत नाही आणि मूल परकं होत नाही.

ग्राम बाल संरक्षण समिती तुमच्या गावातही असेल. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव. आमच्याकडं तिचं रजिस्टर कोरं होतं. आता शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीलाच आम्ही दहा मिनिटं एकच प्रश्न घेतो: कोणाचं लेकरू कोणाकडं राहतंय, आणि तिथं ते कसं आहे? पहिल्याच बैठकीत सात नावं निघाली. त्यातल्या चौघांचे अर्ज गेले. दोघांचे अडलेत, वडिलांच्या मृत्यूचा दाखला नाही म्हणून, ग्रामसेवक भाऊसाहेबांकडं चकरा चालू आहेत. सातव्या मुलीबद्दल अंगणवाडीच्या ताईंनी थेट 1098 ला कळवलं.

तुमच्या वर्गात असं मूल असेल तर एवढी कागदं आधी गोळा करा: मुलाचं आणि सांभाळणाऱ्याचं आधार, रेशन कार्ड, मृत्यू दाखला, तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, शाळेचं बोनाफाईड. बुलढाण्याला जाऊन यायला दिवस मोडतो आणि आजीची रोजी बुडते, म्हणून शक्य असेल तर गावातून दोघा-तिघांना एकदमच न्या. आदेश झाला म्हणून फाइल बंद करू नका. दरवर्षी नूतनीकरण लागतं, आणि ते विसरलं की पैसे थांबतात.

तो मुलगा आता पाचवीत आहे. बोलायला लागलाय, जरा जास्तच. त्याचं नूतनीकरण जूनमध्ये आहे, बोनाफाईड लिहून कपाटात ठेवलंय.