‘फर्मान’ आणि ‘फर्माईश’

‘फर्मान’ म्हणजे हुकूम आणि ‘फर्माईश’ म्हणजे आवडीची मागणी. दोन्ही शब्द मराठीत रुळले आहेत आणि दोन्ही एकाच फारसी धातूतून आले: ‘फर्मूदन’, म्हणजे आज्ञा करणे. इराणी माणूस पाहुण्याला आत घेताना, पुढे चहा ठेवताना ‘बेफर्मायीद’ म्हणतो. शब्दशः अर्थ ‘आज्ञा करावी’. व्यवहारातला अर्थ ‘या, बसा, घ्या’. हुकमाचा अधिकारच पाहुण्याच्या हाती दिला जातो.

फारसीतला आज्ञार्थ तसा सोपा. धातूच्या आधी ‘बे’ लावला की ‘बेदेह’, म्हणजे दे. शेवटी ‘ईद’ जोडले की ‘बेदेहीद’, म्हणजे द्या. आपल्यासारखाच तिथेही आदर अनेकवचनाने दाखवतात. जुन्या फारसीत ‘करू नको’ला ‘मकुन’ म्हणत. त्यातला ‘म’ संस्कृतातल्या ‘मा’चा भाऊ.

अरबी अलंकारशास्त्र आणखी एक बारकावा सांगते. क्रियापदाचे रूप तेच. पण वरच्याने खालच्याला म्हटले तर तो ‘अम्र’, बरोबरीच्याला म्हटले तर ‘इल्तिमास’ आणि बंद्याने अल्लाहला म्हटले तर ‘दुआ’. म्हणजे हुकूम की विनंती, हे ठरते बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण यावरून.

घोलवड-डहाणूच्या पट्ट्यात हे पडताळून पाहता येते. इराणमधून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी इथे चिकूच्या वाड्या वाढवल्या. घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण इथल्या वारल्यांच्या वाट्याला ‘बेफर्मायीद’ आले नाही. त्यांच्या वाट्याला फारसीतलाच दुसरा शब्द आला: ‘बिगार’. राबवून घेणाऱ्या जमीनदार-सावकारांत सगळ्या धर्मांचे लोक होते. १९४५ मध्ये शामराव आणि गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारली या वेठबिगारीविरुद्ध उठले. पिढ्यान्‌पिढ्या फक्त ‘कर’ ऐकणाऱ्यांनी ‘करणार नाही’ म्हटले.

वेठ गेली, पण बोलण्यातली उतरंड गेली का? बागायतदाराला ‘या शेठ’ आणि वयाने मोठ्या मजुराला ‘ए, इकडे ये’ हे अजूनही कुणाला खटकत नाही. आपण मुसलमान ‘आप’ आणि ‘तशरीफ’च्या अदबीचा अभिमान बाळगतो. ती अदब घरी भांडी घासणाऱ्या बाईपर्यंत किती पोहोचते? दुआत आपण अल्लाहलाही ‘तू’ म्हणतो, पण त्या ‘तू’मध्ये जवळीक असते. मजुराला म्हटलेल्या ‘तू’मध्ये ती नसते, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

अदब वरच्या दिशेनेच वाहत असेल, तर ती खुशामत झाली. ‘ये’चे ‘या’ करायला एक कानाच लागतो. तो आधी आपल्याकडे राबणाऱ्यांसाठी खर्च करू या.